उतारू

नानांच्या मते जगात रस्ते दोनच प्रकारचे असतात. एक भिवंडीकडे उतरणारे, आणि दुसरे चुकून बांधलेले.

"मास्तर, आपण तळाला बसलोय," ते मला बजावतात. "कामवारी इथूनच खाडीला मिळते. वरून जे काही घरंगळतं ते शेवटी आपल्या दारात येतं. पाणी असो, कंटेनर असो, नाहीतर सायकल."

नाना व्यवसायानं हुंडेकरी. माणकोलीजवळ एका गोदामाच्या पोटमाळ्यावर त्यांची ट्रान्सपोर्टची गादी आहे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ या गावांत पूर्वी भातशेती होती. आता तिथं अख्ख्या देशानं मागवलेल्या वस्तू पत्र्याखाली झोपतात. त्या उठवून वाटेला लावणं हे नानांचं काम. सोमवार ते शनिवार दोन कानांना दोन फोन लावून ते भिवंडीच्या रस्त्यांवर ट्रक सोडतात, आणि रविवारी पहाटे त्याच रस्त्यांवर सायकल घालून ट्रकवाल्यांच्या नावानं बोटं मोडतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं त्यांना कधीही वाटलेलं नाही.

वय साठीला टेकलेलं. डोक्यावर हेल्मेट, खाली सायकलवाल्यांची ती घट्ट काळी चड्डी, आणि चड्डी दिसू नये म्हणून वर गुडघ्यापर्यंतचा सदरा. खिशात पेन आणि बिल्टीबुक. होय, बिल्टीबुक. नानांबरोबर सायकलवर जायचं तर आधी तुमची बिल्टी फाटते. माझी पहिली बिल्टी मी जपून ठेवली आहे. "माल : मास्तर, १ नग. वजन : अंदाजे. किंमत : जाहीर केलेली नाही. पाठवणार : सौ. घेणार : सौ. मार्ग : नदीनाका, कवाड, अनगाव, अंबाडी, वज्रेश्वरी. ओनर्स रिस्क."

निघायची वेळ पाचची. चहाला, पंक्चरला, फोटोला थांबलात की नाना घड्याळ बघून वहीत 'हॉल्टिंग' लिहितात. त्याचे पैसे ते मागत नाहीत, पण परतल्यावर वडापावचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं हे त्यावरून ठरतं.

पहिले काही किलोमीटर म्हणजे शुद्ध वाहतूकशास्त्र. यंत्रमागांचा खडखडाट मागं पडतो, नदीनाक्याचा पूल येतो आणि मग वाडा रोड. या रस्त्यावर खड्डे आहेत हे विधान अपुरं आहे. खड्ड्यांच्या सोयीसाठी मधूनमधून डांबर आहे, इतकंच. एका रविवारी अनगावच्या अलीकडे एक कंटेनर आडवा फसला होता. मागं रांग, हॉर्न, धूर. नानांनी सायकल स्टँडला लावली आणि कंटेनर पाठवणाऱ्याच्या अकलेवर एक सविस्तर प्रवचन दिलं. अशा अंधारात, अशा रस्त्यावर, एवढं धूड सोडणारा माणूस कोण असेल? तेवढ्यात केबिनमधून ड्रायव्हर डोकावला आणि खूश होऊन ओरडला, "अरे सेठ, आप? आपही ने तो भेजा रात को!"

नानांनी शांतपणे त्याच्या हातातला कागद पाहिला, सही ओळखली आणि म्हणाले, "कागद बरोबर आहेत. रस्ता चुकीचा आहे."

अंबाडी सोडली की मात्र रस्ता खरोखर खोऱ्यात शिरतो. एका अंगाला तानसा नदी, पलीकडे मंदाग्नीचा डोंगर, पावसाळ्यात कड्यांवरून लोंबणारे धबधबे, आश्विनात पिवळी पडलेली भातं. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडायचा म्हणून वज्रेश्वरीचं देऊळ बांधवलं. ते साल १७३९. देवळाची तटबंदी आणि पायऱ्या पाहिल्या की किल्ल्याच्या दारात आल्यासारखं वाटतं. पुढं अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. कोणीही शहाणा माणूस इथं थांबून एक दीर्घ श्वास घेतो.

नाना थांबतात, आणि पायऱ्या बघून विचारतात, "एवढा दगड वर चढवला कोणी? बैलगाड्या लागल्या असतील. भाडं कोणी दिलं?"

मी इतिहासाचा मास्तर. वाटेत दुगाडचा फाटा लागतो तेव्हा मला राहवत नाही. १७८० साली इथं इंग्रजांशी लढताना रामचंद्र गणेश कसे पडले ते मी सांगतो. नाना मान खाली घालून ऐकतात, क्षणभर हेल्मेटही काढतात. मग हलक्या आवाजात विचारतात, "तोफा कुठल्या रस्त्यानं आणल्या?"

तानसा धरणाचंही तसंच. १८९२ मध्ये पुरं झालेलं हे धरण, आजूबाजूला अभयारण्याचं जंगल. सोबतचे तरुण सेल्फी काढत असतात आणि नाना मुंबईकडे निघालेल्या त्या अजस्र नळांकडे भक्तिभावानं बघत असतात. "बघा! सव्वाशेहून जास्त वर्षं माल चाललाय. पंप नाही, ड्रायव्हर नाही, डिझेल नाही. नुसता उतार! इंग्रजाला कळलं ते आपल्या सायकलवाल्यांना कळत नाही. हे उगाच घाट चढत बसतात."

चढ हा नानांच्या दृष्टीनं हिशेबातला घोटाळा. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करायची शर्यत दोघांच्या संघात पुरी केली, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत, हे मी त्यांना अभिमानानं सांगितलं. त्यांनाही अभिमान वाटलाच. "डिलिव्हरी वेळेत," असा सर्वोच्च शेरा त्यांनी दिला. पण रस्त्यात रॉकी पर्वत लागतो हे कळल्यावर ते हळहळले. "बायपास नव्हता का?"

अशा माणसाच्या हाती म्युनिकला राहणाऱ्या पुतण्यानं एक नकाशा दिला, आणि घात झाला. आल्प्समधून इन नदीच्या काठाकाठानं जाणारा सायकलमार्ग. स्वित्झर्लंडमध्ये मालोया इथं सुरू होतो, उंची १,८१५ मीटर. ऑस्ट्रियातून इन्सब्रुकवरून जर्मनीत पासाऊला संपतो, उंची तीनशेच्या आसपास. लांबी ५२० किलोमीटर. नानांनी वजाबाकी केली. पुन्हा केली. मग गादीवरचे दोन्ही फोन बंद केले. असं यापूर्वी फक्त नोटाबंदीच्या रात्री घडलं होतं.

"मास्तर, दीड हजार मीटर नुसतं खाली! आणि वर जायला रेल्वे. सायकल डब्यात चढवायची. सायकलचं वेगळं तिकीट फाडतात म्हणे." नानांचे डोळे पाणावले. "म्हणजे सायकलची बिल्टी!"

मधे चढही आहेत, काका, असं पुतण्यानं तीनदा कळवलं. नानांनी ते वाचलं नाही.

आधी घरच्या मैदानावर सराव व्हावा म्हणून त्यांनी एक प्रयोग केला. शनिवारी रात्री नाशिककडे रिकामा चाललेला टेम्पो, त्यात आमच्या सायकली आणि आम्ही. पहाटे टेम्पोनं आम्हाला इगतपुरीला उतरवलं. तिथून कसारा घाट खाली, मग शहापूर, पडघा, भिवंडी. कागदावर सगळा उतार. घाट उतरताना नाना खरोखर तरुण दिसले. धुक्यात दरी, खाली आगगाडीचा बोगदा, बाजूला गरम ब्रेकचा वास सोडत उतरणारे ट्रक, आणि मधे सदरा फुगवून सुसाट निघालेले नाना. कसाऱ्याला आलो तोवर सकाळही झाली नव्हती आणि सिद्धान्त सिद्ध झाला होता.

मग खर्डी आली. मग आटगाव. सह्याद्री संपला तरी त्याचा उरलासुरला माल रस्त्यात टाकून गेल्यासारखे एकामागून एक चढ लागले. प्रत्येक चढापाशी नाना उतरत, सायकल ढकलत आणि म्हणत, "हा नंतर टाकलेला दिसतोय." आसनगावात माहुलीचा किल्ला दिसला. शहाजीराजे याच किल्ल्यावर वेढ्यात सापडले होते, मी म्हणालो. नाना रस्त्याच्या कडेला बसले होते. "रसद तुटली असणार," ते म्हणाले, आणि पाण्याची बाटली उलटी करून दाखवली.

त्यानंतर नाना गप्प बसतील असं घरच्यांना वाटलं. नानांनी पासपोर्ट काढला.

आल्प्सहून आल्यावर नानांनी चाळीतल्या सगळ्यांना फोटो बघायला बोलावलं. भिंतीवर पडदा, बायकांनी आणलेली भजी, मुलांना बर्फाची उत्सुकता. पहिला फोटो ट्रकचा. दुसरा ट्रकचा. तिसऱ्यात लांब कोपऱ्यात हिमाच्छादित शिखर होतं, पण ते नानांच्या अंगठ्याखाली गेलं होतं.

मग हकीकत बाहेर आली. रविवारी नाना इन्सब्रुकजवळ होते. नदीकाठचा गुळगुळीत रस्ता, सफरचंदाच्या बागा, गाईंच्या गळ्यातल्या घंटा. ऑस्ट्रियात शनिवारी दुपारपासून रविवारी रात्रीपर्यंत मोठे ट्रक रस्त्यावर आणायला बंदी असते. आयुष्यभर दर रविवारी नानांनी देवाकडे जे मागितलं ते तिथं कायद्यानं मिळत होतं. "मग?" मी विचारलं. नाना ओशाळले. "करमेना हो. एवढा रस्ता, आणि वर काही नाही. मी पुतण्याला म्हटलं, ही माणसं जगतात कशावर?"

रविवारी रात्री दहाला बंदी उठली आणि ब्रेनर घाटाचा रस्ता जागा झाला. वर्षाला वीस लाखांहून जास्त ट्रक हा घाट ओलांडतात. पुढं वोर्गलला तर नानांनी ट्रक रेल्वेवर चढताना पाहिले. अख्खा ट्रक वाघिणीवर, ड्रायव्हर डब्यात पाय पसरून झोपलेला, गाडी घाट चढतेय. "आपली कोकण रेल्वे कोलाड ते वेर्णा हेच करते, १९९९ पासून!" नाना पुतण्याला ऐकवत होते, आणि पुतण्या मराठी समजत नसल्याचं नाटक करत होता. कुफश्टाइनला काही ठरावीक दिवशी पहाटे ट्रक अडवून तासाला मोजकेच पुढं सोडतात. मागं मैलोगणती रांग. नानांनी सायकल स्टँडला लावली. तो फोटो त्यांनी पडद्यावर बराच वेळ ठेवला. "बघा! मास्तर, तिथंही माणकोली आहे!"

त्या रात्री चाळ हसून लोटपोट झाली. हा माणूस आल्प्सला जाऊन ट्रक बघून आला. मीही हसलो. पण एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. मी तानसाच्या खोऱ्यात जातो तेव्हा मला डोंगर दिसतो, धबधबा दिसतो, आणि हे सगळं कोणीतरी माझ्या रविवारसाठी मांडून ठेवलंय असं वाटतं. नानांना तिथं पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघालेला माणूस दिसतो, भाताची पोती दिसतात, विटांची गाडी दिसते, आणि ती भरेल का, पोचेल का, परत येताना रिकामी येईल का, याची त्यांना काळजी वाटते. अंबाडीच्या पुढचं कुठलं मोहाचं झाड रुंदीकरणात गेलं हे आमच्यात फक्त नानांना ठाऊक आहे, कारण तिथं ड्रायव्हर सावलीला थांबायचे. निसर्गरम्य प्रदेशातही लोक पोट भरत असतात, ही बातमी पर्यटनाच्या कुठल्याच पुस्तकात छापत नाहीत.

पासाऊचं पुतण्यानंच मला फोनवर सांगितलं. तिथं इन नदी डॅन्यूबला मिळते. मार्ग संपतो, लोक सायकली डोक्यावर उचलून फोटो काढतात. नाना मात्र धक्क्यावर उभ्या असलेल्या एका मालवाहू होडीकडे बघत होते. हे पाणी पुढं कुठं जातं? काळ्या समुद्राला. म्हणजे अजून उतार आहे? आहे, काका. नानांनी पुतण्याला पुढं घातलं आणि होडीवाल्याला टनामागचा भाव विचारायला लावला. होडीवालाही आनंदानं सांगत सुटला; त्या धक्क्यावर येणाऱ्या हजारो लोकांपैकी त्याला हे कोणी विचारलं नसावं. भाव ऐकून नानांनी हेल्मेट काढून डोकं खाजवलं, बिल्टीबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला आणि मान हलवली.

"परवडत नाही. त्याला विचार, रिटर्न लोड मिळतो का?"