ड्रमर ऑनसाइट गेला

बंगळुरूत इंजिनियर मुलगा नोकरीला लागला की पहिल्या वर्षी दुचाकी घेतो, दुसऱ्या वर्षी गिटार आणि तिसऱ्या वर्षी बँड काढतो. लग्न चौथ्या वर्षी. तोवर बँड मोडलेला असतो.

आमचा भाचा सध्या तिसऱ्या वर्षात आहे. बँड हेवी मेटलचा. त्यातलं हेवी म्हणजे अँपचे हप्ते. बँडच्या नावावर अजून एकमत नाही, कारण सुचेल ते नाव कोरमंगलातल्या कुणीतरी आधीच लाटलेलं असतं. एका रविवारी ही चौकडी आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा मी त्यांना मुद्दाम ‘धिस इज स्पायनल टॅप’ लावून दिला. रॉब रायनरचा 1984 सालचा सिनेमा. बँड खोटा, त्यावरचा माहितीपटही खोटा. संवाद बरेचसे नटांनी जागच्या जागी रचलेले, गाणी मात्र त्यांची त्यांनीच लिहून वाजवलेली. उतरणीला लागलेले हे इंग्रज वीर अमेरिकेच्या दौऱ्यावर निघतात आणि गावोगाव फजिती करून घेतात. या बँडचं मूळ नाव ‘द ओरिजिनल्स’. त्या नावाचा दुसरा बँड निघाला, म्हणून हे झाले ‘द न्यू ओरिजिनल्स’.

मी हसून हसून बेजार. पोरं मात्र दहावीच्या व्हेकेशन बॅचला बसल्यासारखी गंभीर. मध्येच बेसवाल्याने सिनेमा थांबवला आणि मोबाइलवर काहीतरी टिपून घेतलं.

“मामा, यात विनोदी काय आहे?” भाच्याने विचारलं.

खरं तर त्याचं बरोबर होतं. या सिनेमाने थट्टा म्हणून जे केलं, ते धंद्याने पुढे मन लावून केलं. सिनेमातल्या अल्बमचं मुखपृष्ठ शेवटी नुसतं काळंकुट्ट निघतं. सात वर्षांनी मेटॅलिकाने जवळजवळ तसाच काळा अल्बम काढला आणि तो धो धो खपला. सिनेमातला गिटारवाला अभिमानाने सांगतो, की इतरांच्या अँपची बटणं दहापर्यंत जातात, माझी अकरापर्यंत. पुढे मार्शल कंपनीने वीसपर्यंत आकडे असलेला अँप खरोखरच बाजारात आणला आणि जाहिरातीला उभं केलं त्याच नटाला, त्याच सोंगात! 2008 साली अ‍ॅन्व्हिल नावाच्या कॅनडातल्या अस्सल मेटल बँडवर अस्सल माहितीपट आला. त्यांच्या ड्रमरचं नाव काय असावं? रॉब रायनर. यावर कोणता विनोदी लेखक पोट भरणार?

आमच्या सोसायटीत अकराचा प्रश्न येत नाही, दीडच्या पुढे बटण सरकलं की इंटरकॉम वाजतो. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, हा 2000 सालचा नियम आमच्या सेक्रेटरींना अथर्वशीर्षाच्याही आधी पाठ झालाय. ते मोबाइलवर डेसिबल मोजत जिन्यात उभे असतात. त्यांचा कुत्रा भुंकतो तो आकडा मात्र कधी जाहीर होत नाही.

म्हणाल, मग बाहेर वाजवा. बाहेरची तऱ्हा वेगळी. 2005 च्या पोलिसी आदेशाने इथे कॅबरे, डिस्को आणि लाइव्ह बँड एकाच दावणीला बांधले, आणि 2018 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. म्हणजे कोपऱ्यात बसून गिटार खाजवणाऱ्या पोरालाही परवान्याच्या कागदांची चळत लागणार. आणि म्हणे ही देशाची रॉक राजधानी! तशी ती आहेही. पॅलेस ग्राउंड्सवर 2003 मध्ये रोलिंग स्टोन्स येऊन गेले, 2007 मध्ये आयर्न मेडन, 2011 मध्ये मेटॅलिका. एरवी तिथे लग्नं लागतात, आणि आवाजाच्या बाबतीत वरातीने मेटॅलिकाला मान खाली घालायला लावावी.

राहता राहिला हक्काचा रंगमंच, सोसायटीचा गणेशोत्सव. सिनेमात एका मनोरंजन उद्यानातल्या कार्यक्रमाच्या फलकावर कठपुतळीचा खेळ वर आणि बँडचं नाव खाली असतं, ते पाहून पोरं हळहळली होती. आमच्या पत्रकावर सर्वांत वर ‘उकडीचे मोदक स्पर्धा (गोड व तिखट)’, मग ‘वेशभूषा, वयोगट 3 ते 5’ आणि तळाला, अल्पोपाहाराच्या ओळीखाली, ‘मुलांचे संगीत’. मुलांपैकी ढोलवाल्याला, म्हणजे ड्रमरला, टक्कल पडायला लागलंय.

सिनेमात स्टोनहेंजचा भव्य देखावा हवा असतो, आणि कागदावर फुटाऐवजी इंचाची खूण पडल्याने अठरा इंचांचे दगड वरून उतरतात. आमच्याकडे उलट झालं. पोरांना मागे काळा पडदा हवा होता, आणि मंडळाने बारा फुटी पुठ्ठ्याचं पंढरपूर उभारलेलं. ते हलवणार कोण? चौघं कवटीचे टीशर्ट घालून नामदेव पायरीसमोर उभे राहिले. धुराचं यंत्र सुरू झालं तशी मागच्या रांगेतली आजोबा मंडळी धूपारती समजून उठून उभी राहिली. पहिलं गाणं मृत्यूवर होतं. ते संपेपर्यंत तळमजल्यावरच्या काकू स्टेजपाशी पोचल्या.

“छान वाजवता रे. आता ‘झिंगाट’ घ्या.”

“काकू, आम्ही मेटल वाजवतो.”

“मग मेटलमधलं घ्या.”

घेतलं. न घेऊन सांगता कुणाला? मोदकांचे परीक्षक नाचले, सेक्रेटरी नाचले, आणि डेसिबलचं अ‍ॅप त्या रात्री कुणीच उघडलं नाही. व्हिडिओ आता नाशिकपर्यंतच्या सगळ्या आत्यांच्या फोनवर आहे. सिनेमातला बँड शेवटी जपानमध्ये गाजतो, तसलाच प्रकार.

भाचा आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

आता अडचण वेगळीच आहे. स्पायनल टॅपचे ड्रमर टिकत नाहीत. एक बागकाम करताना गूढरीत्या मरतो, एक स्टेजवर बसल्याबसल्या पेट घेतो. बंगळुरूचे ड्रमरही टिकत नाहीत. आमचा पहिला ऑनसाइट गेला तो ऑस्टिनला घर घेऊनच थांबला. दुसऱ्याचं लग्न ठरलं. सासरच्यांनी ड्रमसेटची जागा पाळण्यासाठी राखून ठेवली. तिसरा, तो टकलू, नोटीस पीरियडवर आहे. काल चौथ्याच्या मुलाखती झाल्या, आमच्याच हॉलमध्ये. एक पोरगा आला, पंधरा मिनिटं त्याने असं काही वाजवलं की बायकोच्या शोकेसमधला काचेचा हत्ती सरकत सरकत कडेला आला. मी हत्ती धरला. भाच्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा ठेवून त्याने एवढंच विचारलं, “पासपोर्ट आहे का तुझ्याकडे?”

“नाही.”

“घेतला तुला.”