सगळीकडे चालतं, अटी लागू

पायथनची स्टँडर्ड लायब्ररी विंडोज, लिनक्स, मॅक असा भेदभाव करत नाही म्हणे. फंक्शन तेच, नाव तेच; वागणं मात्र ज्याच्या त्याच्या घरचं. ओएस मोड्यूलमधलं रिनेम घ्या. आधीच हजर असलेल्या फाइलचं नाव दुसऱ्या फाइलला द्यायला सांगा. विंडोजवर एरर येते. लिनक्सवर जुन्या फाइलचा निकाल लागतो आणि कुणी चकार शब्द काढत नाही. अखेर २०१२ साली, ३.३ आवृत्तीत, दोन्हीकडे जुनी फाइल बिनबोभाट बदलणारं रिप्लेस आणलं. रिनेम आहे तिथेच आहे. जुन्या कार्यकर्त्याला काढणार कोण?

सीएचमॉडची तऱ्हा न्यारी. मालक, गट, इतर यांचे हक्क आकड्यांत हिशेबाने भरा. विंडोज त्यातून एवढंच उचलतं, की फाइल फक्त वाचायची आहे का. बाकीचं ऐकून न ऐकल्यासारखं, आणि तक्रारही नाही! (एरर तरी द्यावी माणसाने.) फोर्क तर विंडोजवर नाहीच. तसं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलंही आहे, ‘उपलब्धता’ नावाच्या ओळीत. ती ओळ वाचली जाते ग्राहकाच्या मशीनवर प्रोग्राम आपटल्यानंतर, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी.