शंभरी गाठण्याची कुंभकोणम पद्धत

ज्यांची साठीशांत नुकतीच उरकली आहे, मुलीने वाढदिवसाला 'फुल बॉडी चेकअप' भेट दिला आहे आणि त्याच्या अहवालात दोन-तीन आकडे ठळक अक्षरांत छापून आले आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्याहून तरुण मंडळींनी वाचू नये. आपण मरणारच नाही असं त्यांना अजून वाटत असतं. तो समज फुकट मिळालेला असताना प्रवासखर्च करून पुन्हा विकत घेण्याचं कारण नाही.

ठिकाण तमिळनाडूतलं कुंभकोणमच का? नाशिकला अमृताचे नुसते थेंब पडले, इथे अख्खा घडा फुटला. प्रलयाच्या पाण्यावर तरंगत आलेला कुंभ इथे टेकला, शंकराने किराताच्या वेषात बाण मारून तो फोडला, सांडलेल्या अमृतात भिजलेल्या वाळूचं लिंग झालं ते आदि कुंभेश्वर आणि उरलेलं अमृत साचलं ते महामहम तलावात, असं स्थळपुराण सांगतं. दर बारा वर्षांनी तिथे स्नानाचा मेळा भरतो. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ ला आहे. तोवर तब्येत सांभाळा. १९९२ च्या मेळ्यात चेंगराचेंगरी होऊन पन्नासच्या आसपास माणसं मेली होती. टूरवाल्याच्या पत्रकात हे नसतं, तुम्हीही विचारू नका.

सामानात जन्मपत्रिका, रेशमी वस्त्रं, गुडघ्याचा पट्टा, शेंगदाण्याची चटणी आणि गोळ्यांचा डबा घ्यावा. गोळ्यांची नावं मात्र कुठेही लिहून ठेवू नयेत. वाटेत दवाखान्यात जायची वेळ आली आणि डॉक्टरांनी "काय चालू आहे?" असं विचारलं, तर "सकाळी ती पांढरी, मधे रेघ असलेली, आणि रात्री अर्धी गुलाबी" असं सांगावं. डॉक्टर तमिळ असले तरी हे वर्णन सगळीकडे तितकंच उपयोगी पडतं. जुने केसपेपर साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत कोंबून घरीच, माळ्यावर, ठेवावेत.

वैद्य जो तपासत नाही

पहिला मुक्काम वैदीश्वरन कोविल. कुंभकोणमहून मायिलाडुतुरैमार्गे गाडीने जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. इथे शंकर वैद्य आहे, मंगळाचाही इथेच वास आहे, आणि भक्त तलावापाशी मीठ-मिरी वाहतात. इथला वैद्य "वजन कमी करा" म्हणत नाही, हा त्याचा मोठाच गुण. रक्तदाबवाल्यांनी मीठ वाहून मोकळं व्हावं, संध्याकाळी हॉटेलात ते पापडावाटे परत घेता येतं.

देवळाभोवतीच्या गल्ल्यांत नाडीपट्टीची दुकानं आहेत. पुरुषांनी उजव्या अंगठ्याचा ठसा द्यायचा, बायकांनी डाव्या. मग तुमची ताडपत्राची पट्टी 'सापडते'. नवशिके सरसकट पहिलं कांडम, म्हणजे प्रकरण, वाचून घेतात. तुम्ही थेट आठवं मागा. आयुर्मान त्यात असतं. आकडा पसंत पडला नाही, तर शांती-परिहाराचं तेरावं कांडम आहेच. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत ही सोय नाही, तिथे आकडा वाईट आला तर वाईटच राहतो. म्हणून तर एचबीएवनसीच्या अहवालाकडे आपण संशयाने पाहतो ("मशीनच बिघडलं असणार, परवाच तर साखर सोडली") आणि अंगठ्याच्या ठशापुढे मान तुकवतो.

तिरुक्कडैयूर: लग्न दुसऱ्यांदा, बायको तीच

इथे घाई करू नका. सगळ्या पद्धतीचा गाभा इथेच आहे. सोळा वर्षांचंच आयुष्य घेऊन आलेल्या मार्कंडेयाने पिंडीला मिठी मारली, यमाचा फास पिंडीवरही पडला, आणि शंकराने बाहेर येऊन यमाला लाथ घातली, ती याच जागी. म्हणून साठी, सत्तरी आणि ऐंशीची जोडपी देशभरातून इथे येऊन पुन्हा लग्न लावतात. एकाच सकाळी मंडपात इतके वृद्ध नवरदेव असतात, की आपला कोणता हे नातवंडांना हारावरून ओळखावं लागतं. आपल्याकडच्या सहस्रचंद्रदर्शनाचीही इथे सोय होते. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे ८१ वर्षं. हिशेब करून या, लवकर आलात तर चंद्र कमी भरतील.

मला हा सोहळा मनापासून आवडतो, हे सांगून टाकतो. कलशातलं पाणी डोक्यावर पडत असताना म्हाताऱ्या नवरीच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाला काढता आलेलं मी पाहिलं नाही. तक्रार फक्त मंडपातल्या गप्पांबद्दल. त्या गप्पांत नवशिक्याने भाग घ्यायलाच हवा. त्यासाठी एक वाक्य पाठ करावं: "आमच्या आजोबांनी ब्याण्णव वर्षांत डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही." ते बोलताना आजोबांची पाठची भावंडं किती होती आणि त्यांतली किती पाळण्यातच गेली, हा विषय निघू देऊ नये. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ७० च्या आसपास आहे. या आकड्याला आजोबा, तूप आणि जात्यावरचं पीठ पुरे पडत नाही. त्याला नळाचं पाणी, लशी, बाळंतपणातली स्वच्छता, प्रतिजैविकं आणि गटारं लागतात. पण गटाराला हार घालून फोटो काढता येत नाही.

शेजारच्या खुर्चीवर परदेशस्थ जावई असेल, तर तो ब्रायन जॉन्सनचं नाव काढील. हा अमेरिकन धनाढ्य वय उलटं फिरवण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओततो. २०२३ साली त्याने स्वतःच्या तरुण मुलाचं रक्तद्रवही टोचून घेतलं. जावयाला ययाती सांगावा. मात्र एक फरक मान्य करावा लागेल. ययातीला थांबायला हजार वर्षं लागली. जॉन्सनने मोजमापं पाहिली, फायदा दिसला नाही आणि तो प्रयोग सोडून दिला. मोजून पाहून सोडून देणं ही गोष्ट आपल्या मंडपात कोणी करत नाही. चौदा वर्षं सकाळी दुधीचा रस पिणाऱ्याला "काय फरक पडला?" असं विचारून बघा. "घेतला नसता तर काय झालं असतं!" असं उत्तर येतं आणि संशोधन तिथेच संपतं.

तिरुक्कडैयूरहून चिदंबरम लांब नाही. वेंकी रामकृष्णन तिथले, १९५२ चा जन्म. रायबोसोमवरच्या कामासाठी त्यांना २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे, आपण का मरतो याच प्रश्नावर त्यांनी 'व्हाय वी डाय' हे अख्खं पुस्तक लिहिलं, ते २०२४ साली निघालं. चिरतारुण्याच्या बाजाराला त्यांनी चांगलेच चिमटे काढले आहेत. बाजारातल्या कुठल्याही औषधापेक्षा बेताचं खाणं, व्यायाम आणि झोप बरी, असं ते म्हणतात. नोबेलवाल्या माणसाने आईसारखंच बोलावं हे काही बरं नाही. पुस्तक न वाचलेलं चांगलं.

गावात परत

कुंभकोणमला सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर गणिती रामानुजनचं घर आहे. ओटीवर फोटो काढावा, १७२९ या आकड्याचा किस्सा सांगावा. बत्तिसाव्या वर्षी तो कशाने गेला, ही चौकशी टाळावी. इंग्लंडात डॉक्टरांनी क्षय ठरवला होता. १९९४ मध्ये डॉ. यंग यांनी जुने कागद पुन्हा तपासले आणि यकृतातला अमीबा हे कारण अधिक पटणारं असल्याचं मांडलं. तसं असेल तर घाण पाण्यातून येणारा, त्या काळीही उपचार असलेला हा आजार होता. अनंताला ओळखणारा माणूस कदाचित हगवणीच्या जंतूने नेला, हे सहलीच्या वातावरणाला शोभत नाही.

एक दिवस तंजावूरला द्या. मराठी माणसाने तिथे ऊर भरून घ्यायचा असतो. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना काढला, ते ठीक. पण त्यांचा धन्वंतरी महालही होता. तिथे वैद्यांकडून औषधं पारखून घेतली जात, गुण आलेले उपाय टिपले जात, आणि डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवली जात. ती सरस्वती महालात आजही आहेत. राजाच्या दवाखान्यातल्या रोग्याचा दोनशे वर्षांपूर्वीचा केसपेपर जपलेला आहे. तुमचा गेल्या दिवाळीतला साड्यांच्या पिशवीत आहे. काचेपलीकडच्या चित्राकडे पाहून "काय ते लोक होते!" असं म्हणावं आणि जेवायला जावं.

आता ज्या घराण्याचा अभ्यास खरा करायला हवा, त्याकडे. हरितक्रांतीचे एम. एस. स्वामिनाथन कुंभकोणमला १९२५ साली जन्मले आणि २०२३ साली अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेले. हे कळल्यावर नवशिका लगेच विचारतो, ते सकाळी काय खायचे? त्यापेक्षा त्यांच्या वडिलांकडे बघा. डॉ. एम. के. सांबशिवन गावातले शल्यचिकित्सक, गांधींचे अनुयायी. त्यांनी विदेशी कपड्यांची होळी केली, दलितांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून उभे राहिले, आणि हत्तीपायाने ग्रासलेल्या या गावातल्या लोकांना हाताशी धरून डासांच्या पैदाशीच्या जागा नष्ट करायची मोहीम काढली. मुलाने वडिलांचा हा धडा आयुष्यभर सांगितला. नात सौम्या आधी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रमुख झाली, मग २०१९ ते २०२२ जागतिक आरोग्य संघटनेची पहिली मुख्य शास्त्रज्ञ.

हत्तीपायाचा क्युलेक्स डास स्वच्छ पाण्याला नाक मुरडतो. त्याला तुंबलेलं गटार, शोषखड्डा, सांडपाण्याचं डबकं लागतं. म्हणजे हा रोग हटवायचा तर स्वतःच्या नव्हे, शेजाऱ्याच्या परसात शिरावं लागतं आणि त्याच्याशी भांडण पत्करावं लागतं. ताडपत्रात असा परिहार निघत नाही. शिवाय सांबशिवन स्वतः लवकर गेले, मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. आरोग्य सांगणारा स्वतः किती जगला यावर त्याच्या सांगण्याची किंमत ठरवायची आपली रीत, त्या हिशेबाने ते नापास. त्यांच्यामुळे ज्यांचे पाय सरळ राहिले त्यांना ते कधी कळलंच नसणार. न झालेल्या आजाराचा नवस कोणी फेडत नाही. तेव्हा हे घराणं सहलीत धरलेलं नाही.

घरी परतल्यावर

परतल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी कोणीतरी संशोधनाची बाब काढील. मधुमेहाची पाहणी आहे, रक्ताचा नमुना द्याल का? इथे "आम्ही काय गिनिपिग आहोत?" असं ठणकावून विचारायचं असतं. या प्रश्नामागे थोडं खरं आहे, ते मान्य केलं पाहिजे. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातेत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस पाहणीसाठी दिली, तेव्हा कित्येकींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. त्यावर संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले, आणि २०१९ मध्ये चाचण्यांचे नवे नियम आले. पण तुमचा राग तेवढ्यापुरता नसावा. नमुना द्यायचा नाही, आणि त्याच संध्याकाळी "इतकी वर्षं झाली, मधुमेहावर कायमचं औषध का काढत नाहीत हे लोक? कंपन्यांचा डाव आहे सगळा" असंही म्हणायचं. दोन्ही एकाच दमात म्हणता येणं ही सरावाची बाब आहे. आरशासमोर करून पाहा.

शेवटची परीक्षा नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या वाचकांसाठी. हत्तीपाय तिकडे अजून आहे. दारात आशाताई त्यावरच्या गोळ्या घेऊन येतील, हातात उंची मोजायची काठी. घाबरू नका, त्यांतल्या एका गोळीची मात्रा उंचीवर ठरते. तुम्ही म्हणायचं, "मला कुठे काय झालंय? ज्यांना झालंय त्यांना द्या." त्या सांगतील, की पाय सुजायच्या आधी वर्षानुवर्षं जंतू रक्तात असतात, माणूस ठणठणीत दिसतो, आणि डास त्याच्याकडून ते शेजाऱ्याकडे नेतो. म्हणजे गोळी तुम्ही गिळायची आणि पाय शेजाऱ्याचा वाचायचा. ज्याची गाडी रोज तुमच्या फाटकासमोर लावलेली असते, तो शेजारी. याला काय उत्तर द्यायचं ते मी सांगायला नको.

मग त्या गोळी हातावर ठेवून "समोरच घ्यायची, काका" म्हणतील. नियम तसाच आहे, कारण आधी वाटलेल्या गोळ्या कपाटातच राहिल्या. यावर रामबाण उत्तर आहे: "उपाशीपोटी चालत नाही ना? मी अजून जेवलो नाहीये." उत्तर खरंही आहे, त्या गोळ्या रिकाम्या पोटी देत नाहीत. बहुतेक वेळा एवढ्यावर सुटका होते. क्वचित एखादी आशाताई काठी भिंतीला टेकवते, ओट्यावर बसते आणि आत हाक मारते, "काकू, काकांचं पान वाढा, मी थांबते." त्यापुढची सूचना या मार्गदर्शनात नाही.