मावशीची कोजागिरी

न्यू जर्सीतल्या आमच्या मावशीला परवा हॉस्पिटलात चंद्र मिळाला.

चंद्र म्हणजे कागद. मेडिकेअरच्या, म्हणजे पासष्टीपुढच्यांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, एका नोटिशीची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की ‘मून’ होतं. मजकूर शीतल आहे: आपण हॉस्पिटलात आहात, परंतु ॲडमिट नाही.

मावशी बाथरूममध्ये घसरली, माकडहाडाला चीर गेली. खाट मिळाली, पाठीमागून उघडा झगा मिळाला, मनगटाला पट्टी, हाताला सलाइन, तिन्हीत्रिकाळ अळणी सूप. तीन रात्री ती तिथे कण्हत होती. ॲडमिट मात्र नव्हती. ती ‘ऑब्झर्व्हेशन’खाली होती. अहो, आमच्याकडे मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा कांदेपोहे संपले की उठतात!

आता ॲडमिट असलं काय, नसलं काय, दुखायचं ते दुखणारच, असं तुम्ही म्हणाल. पण पुढे चालायला शिकवणाऱ्या रीहॅबचा खर्च मेडिकेअरने उचलायचा, तर आधी सलग तीन मध्यरात्री ‘ॲडमिट’ म्हणून काढाव्या लागतात. कोजागिरीच्या मध्यरात्री लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत फिरते आणि जागा असेल त्याला देते. ही लक्ष्मी रात्री बाराला खाटेशी येऊन विचारते, ‘ॲडमिट कोण?’ मावशी तर टक्क जागी होती, त्या हाडाने झोप कुठली लागायला! पण तीन रात्री लक्ष्मी तीनदा आली आणि तीनदा शेजारच्या खाटेकडे वळली. खाट तीच, सलाइन तेच, सूपही दुर्दैवाने तेच. फरक संगणकातल्या एका रकान्याचा. तो भरला असता तर रीहॅबचे पहिले 20 दिवस फुकट होते. आता पहिल्या दिवसापासून पदरचे. 24 तासांहून जास्त ऑब्झर्व्हेशन झालं, तर 36 तासांच्या आत हा चंद्र हातात द्यायचा, तोंडी समजावायचा आणि सही घ्यायची, असा कायदा आहे. मावशीने चष्म्याशिवाय सही केली. तिला वाटलं, जेवणाचा मेनू असेल.

तीन दिवसांची अट 1965 सालच्या मूळ कायद्यातली. तेव्हा माणसं मोतीबिंदू काढूनही कित्येक दिवस खाटेवर पडून असत. आता गुडघा बदलून संध्याकाळी घरी धाडतात. मुक्काम आखडले, अट तेवढीच. आणि पासष्टीच्या आत अपंगत्व आलं, तर बहुतेकांना अपंगत्वाचा भत्ता सुरू झाल्यावर मेडिकेअरसाठी 24 महिने थांबायचं. कशासाठी थांबायचं? नवा पाय फुटतो का बघायला? माणूस खुर्चीला खिळलाय आणि तुम्ही कॅलेंडरची पानं मोजताय! लाज कशी वाटत नाही?

मावशीने तिथे एकतीस वर्षं नोकरी केली. मेडिकेअरसाठी पगारातून 1.45 टक्के कापले जात, दर पगाराला. त्या पैशांना कोणी एक रात्रसुद्धा ऑब्झर्व्हेशनखाली ठेवलं नाही. ते थेट ॲडमिट.