उत्कृष्ट नवीन गरगर, गट मध्यम

आमच्या सोसायटीची सहल यंदा खोपोलीजवळच्या इमॅजिका या करमणूक पार्कला गेली होती. पनवेलहून निघालेली सगळी माणसं पनवेलला सुखरूप परत आली, एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण परतताना शेडुंग यायच्या आत सेक्रेटरींनी ड्रायव्हरकडून माइक मागून घेतला आणि बसमध्येच पुरस्कार जाहीर केले. सर्वोत्कृष्ट किंकाळी: बी विंगच्या काकू. सर्वांत धाडसी ज्येष्ठ नागरिक: तळमजल्याचे नाना. नायट्रो रोलर कोस्टरच्या रांगेत सगळ्यांना धीर देऊन झाल्यावर ऐन वेळी बाथरूमला गेले होते ते हेच. उत्कृष्ट खाद्यपदार्थ: ठेपले (निकाल एकमताने, डबा रिकामा). मला ‘उत्कृष्ट बॅगा सांभाळणारे’ मिळालं. पुरस्काराचं स्वरूप, स्टीलची वाटी.

मी हसलो. सेक्रेटरी हसले नाहीत. ‘‘अहो, जगभर देतात,’’ ते म्हणाले. घरी येऊन पाहिलं, तर खरोखरच देतात.

‘अम्यूझमेंट टुडे’ नावाचं या धंद्याचं एक अमेरिकन पत्र आहे. ते १९९८ पासून ‘गोल्डन तिकीट’ पुरस्कार देतं. उत्कृष्ट नवा रोलर कोस्टर असतोच, पण लाकडी कोस्टर वेगळा आणि लोखंडी वेगळा. सर्वांत स्वच्छ पार्क, सर्वांत प्रेमळ कर्मचारी यांनाही पुरस्कार दिलेले आहेत, उत्कृष्ट खाणंसुद्धा आहे. म्हणजे आमच्या ठेपल्यांना आंतरराष्ट्रीय आधार सापडला. टेक्सासमधल्या न्यू ब्रॉनफेल्सच्या श्लिटरबाननं उत्कृष्ट वॉटर पार्कचा मान सलग दोन दशकं सोडला नाही. आमच्याकडे गणपतीतल्या रांगोळी स्पर्धेत हे होतं. तिथे सेक्रेटरींच्या सौभाग्यवती आहेत. टेक्सासमध्ये काय कारण असेल, कल्पना नाही.

दुसरा मोठा पुरस्कार ‘ब्रास रिंग’, म्हणजे पितळी कडं. तो देते १९१८ सालापासून चालत आलेली ‘आयापा’ ही या धंद्याची जागतिक संघटना. नावामागची गोष्ट मला फार आवडली. जुन्या काळी मेरी-गो-राउंडच्या कडेला एक दांडी असायची, तिच्यात कडी अडकवलेली. घोड्यावरून जाताना हात लांब करून एक ओढायचं. बहुतेक लोखंडी निघायची. पितळी हाती लागलं तर बक्षीस. बक्षीस काय? आणखी एक चक्कर, फुकट. पुरस्कार इतका उघड मी दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात पाहिला नाही. साहित्यातही हेच मिळतं, पण त्याला पुढच्या वर्षीच्या निवड समितीचं सदस्यत्व म्हणतात.

आपण मागे नाही. भारतातल्या पार्कवाल्यांची ‘इयापी’ ही संघटना १९९९ पासून आहे. तिचे राष्ट्रीय उत्कृष्टता पुरस्कार असतात, गोरेगावला प्रदर्शन भरतं, आणि तिथे सुटाबुटातली माणसं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं घसरगुंड्यांचे भाव करतात. आणि का करू नयेत? १९८९ ला गोराईत एस्सेलवर्ल्ड आलं, १९९८ ला शेजारी वॉटर किंगडम. २०१३ च्या एप्रिलात मनमोहन शेट्टींनी इमॅजिका उघडलं, पुढच्याच वर्षी त्याला वॉटर पार्क जोडलं. २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणींकडे आलं. गाय छाप तंबाखूवाले तेच. पहिल्यांदा घेतली की डोकं गरगरतं, हा अनुभव घराण्याला नवा नाही.

या धंद्यातला सर्वांत भीतिदायक ड्रॉप मात्र कुठल्याच पार्कात बसवलेला नाही. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि पार्कच्या तिकिटाला २८ टक्क्यांवर नेऊन लटकवलं. २०१८ च्या जानेवारीत सोडलं ते थेट १८ वर. त्या राइडला नामांकन नाही.

तर पुरस्काराची मेख एका शब्दात आहे: ‘नवीन’. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीनं बनवलेली नायट्रो पाच वेळा माणसाला उलटं करते आणि अजून तिच्यासाठीच लोक सहलीचं नाव नोंदवतात. पण ती २०१३ ची. नव्याचे नऊ दिवस तिचे कधीच संपले. एखादी राइड बारा वर्षं रोज सकाळी तपासून, रोज संध्याकाळी सगळी माणसं मोजून खाली उतरवली, यासाठी स्टेजवर बोलावून शाल घातलेली मी तरी पाहिली नाही. पट्टा लागलाय का म्हणून प्रत्येकाच्या पोटाशी हात नेऊन ओढून बघणारी ती पोरगी काकूंनाही आठवत नाही. काकूंना फक्त किंकाळी आठवते.

नवीनच हवं असेल तर समितीनं पनवेलला यावं. सायन-पनवेल रस्त्याचे खड्डे मी स्पर्धेत उतरवणार नाही. ते विनोद फार वापरून झालेत आणि खड्डे तर जुनेच आहेत. मी उलव्याकडे नेईन. नवी मुंबई विमानतळासाठी सुमारे नव्वद मीटरची टेकडी सपाट केली आणि उलवे नदी उचलून बाजूला वळवली. एवढं मोठं लँडस्केपिंग फ्लोरिडातल्या पार्कांनी तरी केलं असेल का? ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, नाताळच्या दिवशी विमानंही उडाली. भराव पडल्यापासून पावसाळ्यात पाणी थेट घरात येतं, असं डुंगी गावचे लोक वर्षानुवर्षं सांगत आले. म्हणजे वेव्ह पूल घरपोच, तिकीट नाही, बाहेरचे खाद्यपदार्थ आणायला परवानगी. इकडे मूळ पनवेलात देहरंगचं धरण उन्हाळ्यात तळाला गेलं की नळाला एक दिवसाआड पाणी. आमच्या गल्लीत टँकरचा पाइप सुटला की त्याच्याखाली पोरं नाचतात. सर्वोत्कृष्ट वॉटर राइड, गट लहान.

गंमत पुरे, कारण ‘सर्वांत नवीन, सर्वांत उंच’ हे कुठवर जातं तेही सांगायला हवं. वीस वर्षं पहिला येणाऱ्या त्याच श्लिटरबाननं २०१४ ला कॅन्सस सिटीतल्या पार्कात ‘फेरुक्ट’ नावाची घसरगुंडी उभी केली. जर्मनमध्ये त्याचा अर्थ वेडा. उंची १६८ फूट, म्हणजे सतरा मजली इमारत. चाचणीत तराफ्यावर ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या हवेत उडून गेल्या. मग बदल केले, उद्घाटनाच्या तारखा पुढे ढकलल्या, शेवटी उघडली. जगातली सर्वांत उंच पाण्याची घसरगुंडी म्हणून गिनीजमध्ये नोंद होतीच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिच्यावर दहा वर्षांचा मुलगा गेला. २०१८ मध्ये ती पाडून टाकली. पिशव्या उडाल्या त्या दिवशी जो कोणी ‘ही उघडू नका’ म्हणाला असेल, त्याच्यासाठी गट कुठला?

मी हे सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी विचार केला. ते विचार करतात तेव्हा मला काम लागतं. ‘‘मग आपण देऊ,’’ ते म्हणाले. ‘‘वाट्या उरल्यात.’’

स्टेशनपलीकडच्या मैदानात फन फेअर लागणार होती. आम्ही दोघं सकाळी गेलो. आकाशपाळणा आडवा पडला होता, म्हणजे अजून पाळणा नव्हताच, ट्रकमधून उतरवलेलं भंगार होतं. चार पोरं आणि एक पन्नाशीचा माणूस. पायांखाली लाकडी फळ्या सरकवणं चाललं होतं. माणसानं पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली, बोटभर हवा राहील इतकं पाणी ठेवून झाकण लावलं आणि बाटली लोखंडी चौकटीवर आडवी ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला. उजवीकडे आणखी एक फळी गेली. बुडबुडा थोडा आला. मग फळी काढून पातळ फळी. मग पुठ्ठा. बुडबुडा मधोमध थांबला, तेव्हा तो उठला आणि बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं.

सेक्रेटरींनी विचारलं, ‘‘हा पाळणा केव्हाचा?’’

‘‘आज सकाळचा की, साहेब.’’

खरंच होतं. तुळजापूरला उभा केला तेव्हा तिथे नवा होता, इथे परत नवा, पुढच्या गावी परत. वर्षाकाठी पंधरा-वीस वेळा नवी राइड उघडणारा हा माणूस कुठल्या नियमानं बाद होतो, ते मला ‘गोल्डन तिकीट’वाल्यांना विचारायचं आहे. १८९३ मध्ये शिकागोच्या जत्रेत फेरिस साहेबानं २६४ फुटी चक्र लावून जगात नाव केलं, त्यानं तरी किती वेळा लावलं?

संध्याकाळी सोसायटी पाळण्यात बसायला गेली. काकूंना त्यानं एक नजर पाहिलं आणि खालच्या डब्यात बसवलं. मग दुसऱ्या कुणाला शेजारी न घेता चाक अर्धं फिरवलं आणि समोरच्या डब्यात तीन पोरं कोंबली. आणखी फिरवून नाना. नाना तयार नव्हते. ‘‘आजोबा, बसा, तुमच्याशिवाय वजन जमत नाही,’’ तो म्हणाला, आणि नाना आयुष्यात पहिल्यांदा गरजेचे ठरल्यासारखे बसले. वजनकाटा नाही, कागद नाही. सगळं नजरेवर. एका बाजूला जड झालं तर मोटर कण्हते, तेही त्याला कानानं कळतं. काकूंनी पहिल्याच फेरीला स्वतःचा विक्रम मोडला.

शेवटच्या फेरीनंतर सेक्रेटरी पुढे झाले. छोटंसं भाषण झालं. मानपत्र नव्हतं, वाटी होती. ‘उत्कृष्ट नवीन गरगर, गट मध्यम’ असं त्यावर त्यांनी मार्करनं लिहिलं होतं. माणसानं वाटी उलटीपालटी करून पाहिली, आत बोट फिरवून पाहिलं.

‘‘साहेब, झाकण नाही का याला?’’

‘‘नाही हो. पुरस्कार आहे हा.’’

‘‘बरं, बरं.’’ त्यानं पोराला हाक मारली. ‘‘घे रे. ग्रीस ठेवायला घे. तू नारळाची करवंटी घेऊन वर चढतोस, आणि सगळं काकूंच्या डोक्यावर सांडतोस.’’