तात्यांचा पाहुणचार

लहान मुलाला भरवणं हे आपल्याकडे एकट्या आईचं काम कधीच नव्हतं. एकीनं घास करायचा, दुसरीनं खिडकीतला कावळा दाखवायचा, तिसरीनं "आ कर, आ कर" म्हणत स्वतःचंच तोंड उघडायचं, आणि आजोबांनी पेपराआडून "आज नीट जेवला का तो?" असं विचारून श्रेय घ्यायचं. चिऊचा घास झाला, काऊचा झाला की मामा-मावश्या रांगेत उभ्या असतातच. पोट भरलं म्हणून मुलानं मान फिरवली, तर आता दुसऱ्या बाजूनं भरवा असा आपण त्याचा अर्थ लावतो. पुढं तेच मूल मोठं होऊन पंगतीत बसतं, ताटावर आडवा हात धरतं, आणि त्या हाताच्या फटीतून आपण जिलबी सोडतो. आमच्या सांगलीकडं आग्रहाशिवाय जेवण म्हणजे खानावळ.

या विद्येत माझा हात धरणारं आमच्या घराण्यात कोणी नाही. त्यामुळे सॅन होजेला मुलाकडं राहायला आले असताना घरात नवं बाळ येणार असं कळलं, तेव्हा मी पदर खोचला. बाळ आलं ते पुठ्ठ्याच्या खोक्यातून. शेपटी सोडली तर माझ्या बोटाएवढं, हिरवंगार, आणि चेहरा असा की नुकतेच निवृत्त झालेले हेडमास्तर वाटावेत. डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, तोंडाच्या कोपऱ्यात कायमची नाराजी. नातीनं इंग्रजी नावांची यादी केली होती, पण मी त्याला बघताक्षणी "या तात्या!" म्हटलं आणि ते नाव चिकटलं. वय तीन महिने, नाव तात्या.

जात वेल्ड शॅमेलिऑन. मूळ गाव येमेन आणि सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य कोपरा. पण हे तात्या जन्मले कॅलिफोर्नियात, म्हणजे माझ्या नातीइतकेच इथले नागरिक. व्हिसाची भानगड घरात फक्त माझी. मुलगा की मुलगी हे या जातीत जन्मतःच टाचेवर कळतं. मागच्या पायाच्या टाचेला बारीकशी गाठ असली की मुलगा. तात्यांना ती आहे.

वाचून कोणाला हौस वाटली तर आधीच सांगते, भारतात हे करू नये. आपल्याकडं शॅमेलिऑनची एकच जात आहे. घोयरा किंवा सरडगुहिरा म्हणतात तो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलेलं आहे आणि त्याला धरून घरी आणणं हा गुन्हा आहे. तो झाडावर दिसला तर भाग्य समजावं आणि आपल्या वाटेनं जावं. त्याला दगड मारणाऱ्या पोरांना मात्र थांबवावं. तो विषारी नसतो.

तात्यांच्या खोलीची तयारी महिनाभर आधीपासून चालली होती. खोली म्हणजे उभा पिंजरा, चारी बाजूंनी जाळीचा. काच नको, कारण काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर त्यांना तो दुसरा तात्या वाटतो आणि रक्तदाब वाढतो. पिंजरा टेबलावर उंच ठेवलेला, कारण माणसाच्या डोक्यापेक्षा वर बसायला मिळालं की त्यांना सुरक्षित वाटतं. तीन बाजूंना पडदा, म्हणजे कोण येतंय-जातंय हे एकाच दिशेला बघायला लागतं. आत जास्वंदीची आणि मनीप्लांटची कुंडी. वर दोन दिवे. एक उबेचा, त्याच्याखालच्या फांदीवर 29-30 अंश सेल्सिअस. दुसरा अतिनील किरणांचा, कारण त्या किरणांशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नाही तर कॅल्शियम लागत नाही, आणि कॅल्शियम नाही तर वाढत्या वयात हाडं वाकतात. मी म्हटलं, इतकं लख्ख ऊन आहे कॅलिफोर्नियात, खिडकीशी ठेवा की! तर खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते, असं सुनेनं सांगितलं. मी गप्प बसून माझा गुडघा चोळला. माझ्या ड जीवनसत्त्वाची गोळी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेली असते.

मग आला जेवणाचा विषय, म्हणजे माझा प्रांत.

आमचं घर शाकाहारी. चातुर्मासात मी कांदा-लसूणही सोडते. त्या घरात फ्रिजशेजारी जिवंत रातकिड्यांचा डबा आला. शिवाय एका बरणीत फळमाश्या, पंख असून उडता न येणाऱ्या, खास याच कामासाठी वाढवलेल्या. तात्या जास्वंदीचं पान अधूनमधून कुरतडतात, तेवढाच काय तो आमच्या पंगतीशी संबंध. बाकी सगळा मांसाहार, आणि तोही हलता. मेलेला किडा त्यांना दिसतच नाही म्हणा ना. जे हलतं तेच अन्न.

रातकिड्याचं मापही ठरलेलं. तात्यांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा मोठा नको, नाही तर घशात अडकायची भीती. आणि किडा नुसता देऊन भागत नाही. आदल्या दिवशी त्याला चांगलंचुंगलं खाऊ घालायचं, कारण त्याच्या पोटात जे असेल तेच तात्यांच्या पोटात जाणार. म्हणून रोज सकाळी मी रातकिड्यांसाठी गाजर किसते आणि पालेभाजी निवडते. ज्या हातांनी चार पिढ्यांना जेवू घातलं, ते हात आता किड्यांना जेवू घालतात, तेही दुसऱ्यानं त्यांना खावं म्हणून. यावर धर्मशास्त्रात काय लिहिलंय ते मी मुद्दामच शोधलेलं नाही. नंतर किडे कॅल्शियमच्या पांढऱ्या पावडरीत घोळवायचे. घोळवणं मला कोणी शिकवावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी असे घोळवलेले किडे एका पेल्यात घालून पेला फांदीशी अडकवला आणि मी खुर्ची ओढून समोर बसले. तात्यांनी एक डोळा पेल्याकडं वळवला आणि दुसरा माझ्याकडं. हे डोळे म्हणजे मोठा चमत्कार. पापण्या जुळून बाहुलीवर सुळका झालेला, टोकाला टाचणीनं पाडावं तेवढं भोक, आणि दोन्ही सुळके आपापल्या मर्जीनं फिरणारे. पेल्याकडचा डोळा हलत होता. माझ्याकडचा हलत नव्हता. बराच वेळ असा गेला. मी "खा रे सोन्या" म्हटलं. तात्या फांदीच्या मागं सरकले, एका बाजूनं चपटे झाले आणि हिरव्यावर तपकिरी पट्टे चढले.

"आजी, तू बघतेस ना, म्हणून तो खात नाहीये," नात म्हणाली.

"अगं, मी कुठं काय करतेय? मी तर नुसती बसलेय."

"तेच. तू बसू नकोस."

आयुष्यात मला पंगतीतून उठवलेलं असं पहिल्यांदाच.

पिंजऱ्यावर नातीनं नियमांचा कागद चिकटवलाय. हात लावायचा नाही. टक लावून बघायचं नाही. वरून हात न्यायचा नाही, कारण वरून येतो तो शिकारी पक्षी. पहिले काही आठवडे तर जेवण, पाणी आणि सफाई सोडली तर पिंजऱ्याशी जायचंच नाही. अंगाईचाही उपयोग नाही, कारण त्यांना बाहेरचा कान नसतो आणि खालच्या पट्टीतले थोडेच आवाज कळतात. म्हणजे घास नाही, गाणं नाही, कुरवाळणं नाही, दृष्ट काढणं तर लांबच. बाळाला वाढवायची माझ्याकडची सगळी हत्यारं पहिल्याच दिवशी जमा झाली.

एक मात्र उरलं. बाळाला शी झाली का, हा प्रश्न. माझ्या कुठल्याही नातवंडाच्या बाबतीत मी हा प्रश्न साता समुद्रापलीकडून फोनवर विचारला आहे आणि सुनांनी मान खाली घालून उत्तर दिलं आहे. तात्यांच्या घरात त्याला खरोखर शास्त्राधार निघाला. शीबरोबर एक घट्ट पांढरा भाग पडतो. तो पांढराशुभ्र असला तर पाणी पुरेसं जातंय. पिवळा-नारिंगी झाला तर बाळाला पाणी कमी पडतंय. आता सकाळी पिंजऱ्यातला कागद बदलताना सून माझ्याकडं बघून म्हणते, "आई, पांढरी." मी म्हणते, "छान." दिवसाची सुरुवात होते.

पाण्याचंही त्यांचं तंत्र वेगळं. वाटीतलं पाणी ते पीत नाहीत. बऱ्याचदा साठलेलं पाणी म्हणजे पाणी हे त्यांना कळतच नाही. पानावर थेंब थरथरला पाहिजे, चमकला पाहिजे. म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा आणि वरून ठिबक सोडायचं. तासगावच्या द्राक्षबागेतलं ठिबक मी कैक वर्षं पाहिलेलं आहे, पण एका माणसासाठी, म्हणजे एका तात्यासाठी, ते पहिल्यांदा बघितलं.

तर त्या पहिल्या दिवशी मी उठून बाहेर गेल्यावर तात्या जेवले. दाराच्या फटीतून मी पाहिलं (फटीविषयी कागदावर नियम नव्हता). ते आधी पुढं-मागं झुलत चालले. वाऱ्यानं पान हलावं तसं झुलायचं, म्हणजे कोणाला संशय येत नाही. पायाची बोटं दोन आणि तीन अशी जुळलेली असतात, त्या चिमट्यांनी फांदी पक्की धरली. मग दोन्ही सुळके एकाच वेळी पुढं वळले. इतका वेळ दोन दिशांना बघणारा तो चेहरा एकदम एकाग्र झाला. तोंड किंचित उघडलं, जिभेचं गुलाबी टोक बाहेर डोकावलं, आणि पुढचं मला दिसलंच नाही. पेल्यात एक किडा कमी झाला होता आणि तात्या चावत होते. जीभ शरीरापेक्षा लांब, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत परत. तिच्या टोकावर जो द्रव असतो, तो माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे 400 पट घट्ट असल्याचं बेल्जियममधल्या संशोधकांनी 2016 साली मोजलं. आठ-दहा किडे झाल्यावर तात्यांनी तोंड मिटलं आणि उबेच्या दिव्याखाली जाऊन बसले. पेल्यात अजून चार होते. मी दारामागं तळमळले, पण ते चार किडे संध्याकाळी नातीनं काढून घेतले. राहू दिले तर रात्री झोपलेल्या तात्यांनाच ते चावतात.

रंगाचं म्हणाल, तर माझी समजूत अशी होती की हा प्राणी लपण्यासाठी रंग बदलतो. पान दिसलं की हिरवा, खोड दिसलं की तपकिरी. तसं नाही. आजूबाजूशी जुळवून घेणं हे त्याच्या रंगांचं मुख्य काम नाहीच. थंडी वाजली तर तो गडद होतो, म्हणजे ऊब जास्त शोषता येते. घाबरला, चिडला तर पट्टे चढतात. गाढ झोपला की फिकट पोपटी. 2015 साली जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑन या जातभाईवर काम करून दाखवलं की कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक रचलेले असतात आणि त्यांच्यातलं अंतर वाढलं-घटलं की रंग पालटतो. म्हणजे मनात काय चाललंय ते तो अंगभर लिहून मोकळा होतो.

हे कळल्यावर मला आपल्या आग्रहाची मेख कळली. आपल्याकडं "नको" हा नकार नसतोच, ती पहिली पायरी असते. खाणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून भूक असली तरी तो पहिल्यांदा नकोच म्हणतो. वाढणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो दुसऱ्यांदा वाढतोच. या नाटकात खरोखर पोट भरलेल्या माणसाला बोलायला एकही वाक्य शिल्लक राहत नाही. तात्यांचं तसं नाही. त्यांचं नको कातडीवर उमटतं. तिथं अर्थ लावायला जागाच नाही.

आणि त्यांना आईही ठाऊक नाही. या जातीची मादी जमिनीत खोल खणून अंडी पुरते, माती सारखी करते आणि निघून जाते. सहा ते नऊ महिन्यांनी पिल्लं माती उकरून वर येतात, आणि ज्याचा तो. थोडी मोठी झालेली पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांच्या नुसत्या दिसण्यानं खंगतात. म्हणजे ज्याला आपण पोरकेपणा म्हणतो, ती त्यांची सुखाची व्याख्या. अशा जिवावर माया करायची तर ती बंदोबस्ताच्या रूपानंच करावी लागते. दिवा वेळेवर लावायचा, वेळेवर घालवायचा, किडा मापाचा शोधायचा, पाणी सोडायचं आणि खोलीबाहेर जायचं. आपली आठवण कोणाला राहणार नाही, याची तयारी ठेवून जायचं.

मलाही इथं येऊन फार दिवस झालेले नव्हते. मुलगा ऑफिसातून दर तासाला फोन करायचा. "आई, कंटाळलीस का? जेवलीस का? फिरायला गेलीस का?" मी खिडकीत नुसती बसलेली असायचे, छान बसलेली असायचे, आणि त्याला पटावं म्हणून उठून फिरायला जायचे. एका दुपारी त्याला सांगितलं, "अरे, मला पण थोडे दिवस तात्यासारखं राहू दे. पाणी सोड आणि जा." तो हसला, पण फोन कमी झाले.

एवढं सगळं होऊनही माणसांच्या बाबतीत मी आग्रह सोडायला तयार नाही. माणसाच्या कातडीवर पट्टे येत नाहीत. लाजरी सून, नवा जावई, परक्या गावातला विद्यार्थी, यांचं पहिलं "नको" खरंच भिडेचं असतं, आणि त्यावर विश्वास ठेवून पुढं सरकलं तर ती माणसं उपाशी उठतात. म्हणून माझ्यापुरता मी नियम केलाय. एकदा विचारावं, दुसऱ्यांदा विचारावं, आणि दुसरं "नको" मात्र खरं धरावं. परवा नातीला पोळी वाढताना तो पाळला. दुसरं नको आलं आणि मी पोळी डब्यात परत ठेवली. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, तिसऱ्यांदा विचारणार नाहीस? मी अर्धी घेणार होते."