बाई मला बोलल्या

‘बाई मला बोलल्या.’ आता याचं इंग्रजी करा. ‘टीचर स्पोक टू मी’ म्हटलं तर बाईंनी प्रेमाने विचारपूस केल्यासारखं वाटतं, आणि खाल्लेली बोलणी हवेत विरतात. साहेबाला रागावायचं असलं की तो ‘टेल’च्या मागे ‘ऑफ’ लावतो. सगळा राग त्या एवढ्याशा ‘ऑफ’मध्ये.

तोंड उघडायला इंग्रजीत से, टेल, स्पीक आणि टॉक अशी चार क्रियापदं. आपल्याकडे म्हणणे, सांगणे, बोलणे अशी तीन. ही वाटणी सुखासुखी होणं कठीणच. ‘ही टोल्ड दॅट ही इज कमिंग’ असं वाक्य ऑफिसच्या ईमेलमध्ये हमखास सापडतं. इंग्रज ते वाचून अडतो : टोल्ड, पण कोणाला? अशा वाक्यात टेलला ऐकणारा माणूस लागतो, तोही अगदी खेटून. सेला तो नसला तरी चालतो. असलाच तर मध्ये ‘टू’चं अंतर राखून. आपण मात्र ‘त्याने सांगितलं की तो येतोय’ म्हणून मोकळे होतो. सांगणाऱ्याने सांगावं, ऐकणारे काय, जमतातच.

शाळेत या भानगडीवर एकच उतारा मिळायचा. ‘सेड टू’ दिसलं की ‘टोल्ड’ करा, प्रश्नचिन्ह दिसलं की ‘आस्क्ड’. रेन आणि मार्टिनच्या जाडजूड व्याकरणापासून बाजारातल्या गाइडापर्यंत सगळ्यांचं यावर एकमत. यातल्या रेनसाहेबांनी १९२४ साली ‘बो जेस्ट’ नावाची वाळवंटातल्या साहसांची कादंबरी लिहिली, तिच्यावर सिनेमेही निघाले. आपल्याकडे त्यांची ओळख ‘सेड टू’ खोडायला लावणारे गृहस्थ एवढीच.

टेलची आणखी एक गंमत आहे. या शब्दाचा जुना अर्थ मोजणे. बँकेतला टेलर तो हाच, नोटा मोजणारा. एटीएममधला ‘टी’सुद्धा त्याचाच. ते यंत्र एरवी निमूटपणे मोजतं. पैसे संपलेत एवढं मात्र सांगतं. इंग्रजीत गोष्ट टेल करतात, खोटंही टेल करतात, घड्याळ वेळ टेल करतं. आपण गोष्ट सांगतो, पण खोटं बोलतो. ‘खरं सांगू?’ असं विचारून जे पुढे येतं ते बहुधा ऐकवत नाही, तो भाग वेगळा. प्रार्थनेवर मात्र दोघांचं जमतं : ते ‘से’ करतात, आपण म्हणतो. पण आपण गाणंही म्हणतो, तिथे साहेब पुन्हा गोंधळतो.

त्याला हसण्यात अर्थ नाही, कारण आपलं घरातही एकमत नाही. ‘आई बोलली, लवकर ये’ असं मुंबईत सर्रास ऐकू येतं. पुण्याचा कान लगेच टवकारतो : बोलली की म्हणाली? मला स्वतःला ‘म्हणाली’च गोड वाटतं. पण लोकलच्या दारात लटकलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगायची माझी छाती नाही.

अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लिओनार्डने लेखकांसाठी एक नियम घालून दिला होता : संवादाला ‘सेड’खेरीज दुसरं क्रियापद लावू नका. आपल्या वर्तमानपत्रात हा नियम दुपारपर्यंतही टिकायचा नाही. तिथे पुढारी आधी ‘म्हणाले’, मग त्यांनी ‘सांगितले’, पुढे ‘स्पष्ट केले’, ‘नमूद केले’, विरोधी पक्षातले असले तर ‘दावा केला’. एवढं झाल्यावरही बातमीत कुठेतरी लिहिलेलं असतंच : ‘एका कार्यक्रमात ते बोलत होते.’ बाकीच्या वेळी ते नक्की काय करत होते, अशी शंका कोणी काढू नये म्हणून असेल.